कट कोण म्हणणार

३ जानेवारी, सकाळी ७
आजपासून मी स्वतंत्र दिग्दर्शक. एकोणीस वर्षं, सात चित्रपट, श्रेयनामावलीत कायम ‘दिग्दर्शन : भाऊ-बहीण’. आता पुरे.

कारण क्षुल्लक आहे, नोंद म्हणून लिहितो. परवाच्या मुलाखतीत पत्रकारबाईंनी विचारलं, तुम्हा दोघांत कोण काय करतं? मी घसा साफ करेपर्यंत धाकटी म्हणाली, दादा अ‍ॅक्शन म्हणतो, मी कट म्हणते. बाई हसल्या. छापूनही तेवढंच आलं. मला राग आलेला नाही. फक्त दोन दिवस तिच्याशी बोललेलो नाही.

वेगळा चित्रपट करतोय एवढंच काय ते सांगितलं, तर ती म्हणाली, कर, मीही करते. इतक्या पटकन म्हणायची गरज नव्हती.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. तिला फोन न करणे. ३१ मेच्या आत लघुपट पूर्ण करून स्पर्धेला पाठवणे. एकट्याने.

४ जानेवारी, सकाळी ९.४०
पाचला उठलो होतो. मग पुन्हा झोपलो.

१५ जानेवारी
ऑफिसात आमची टेबलं समोरासमोर होती. माझं भिंतीकडे वळवलं. एकाग्रता वाढली. पटकथा तयार : म्हातारा घड्याळजी दुकान कायमचं बंद करण्याआधी शेवटचं घड्याळ दुरुस्त करतो. एकच नट, एकच खोली, दहा मिनिटं. पटकथा तीन पानं, दिग्दर्शकाचं मनोगत अकरा पानं.

कॅमेरामन आमचा जुनाच. धाकटीचंही काम घेतलंय म्हणाला. घेऊ दे. त्यालाही पोट आहे.

२ फेब्रुवारी
शूटिंगचा पहिला दिवस. अ‍ॅक्शन असं दणदणीत म्हणालो की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. नटाने घड्याळ उघडलं, दुरुस्त केलं, किल्ली दिली, कानाशी धरलं. अप्रतिम. मग तो थांबला. मग त्याने टेबल पुसलं. हत्यारं लहानमोठी बघून ओळीने लावली. चष्मा पुसला. दिवा घालवला, चपला घातल्या, जिना उतरून रस्त्यावर गेला. कॅमेरामन त्याच्या मागे, साउंडवाला कॅमेरामनच्या मागे. बस आली म्हणून शॉट संपला. नट बसमध्ये चढला होता.

सगळे कटची वाट बघत होते. मीसुद्धा. दोनदा डावीकडे पाहिलं, धाकटी बसायची त्या बाजूला. तिथे रिकामं स्टूल होतं.

खरं तर मी मुद्दामच थांबवलं नाही. आयुष्यात कुठे कट असतो? हे मनोगतात घालणे.

३ फेब्रुवारी
आज कट म्हणालो. कोणी थांबलं नाही. कॅमेरामन नंतर म्हणाला, त्याला वाटलं मी त्याचं मत विचारतोय. नट म्हणाला, तुमच्या आवाजात ते पटत नाही. दोघांनाही चांगलं फैलावर घेणार होतो, पण तेवढ्यात जेवण आलं.

४ फेब्रुवारी
बायकोने स्वयंपाकघरातला टायमर दिला. दहा मिनिटांनी वाजतो. नामी उपाय. फक्त त्याच्या टिकटिकीने नट बिथरला आणि घड्याळजीचा साठ वर्षांचा धंदा साडेतीन मिनिटांत आवरून मोकळा झाला. उरलेली साडेसहा मिनिटं टायमरकडे बघत बसला.

टायमर परत केला. बायको म्हणाली, धाकटीला फोन कर. मी म्हणालो, कशाला? तिने टायमर दहावर लावून ओट्यावर ठेवला. तिची ही असली उत्तरं मला आवडत नाहीत.

१० एप्रिल
एडिटिंग. चित्रपट सध्या दोन तास पन्नास मिनिटं. एडिटर विचारतो, टेबल पुसणं काढू? म्हणालो, ते तर सिनेमाचं काळीज आहे. चष्मा? तोही राहू दे. चपला? चपला म्हणजे कळस. त्याने हात टेकले.

धाकटीची काळजी वाटते. कट म्हणणं सोपं आहे, आधी कोणीतरी सुरू करावं लागतं. बिचारी सेटवर नुसती बसून असेल. तिने विचारलं तर जाऊन अ‍ॅक्शन म्हणेन. मन मोठं ठेवायचं.

२ मे
तिचा चित्रपट पूर्ण झाला. शूटिंग अकरा दिवस.

कॅमेरामनला सहज विचारलं, तिकडे अ‍ॅक्शन कोण म्हणायचं? तो छताकडे बघायला लागला. मग सांगितलं. पहिल्या दिवशी ती स्वतः म्हणाली, तर कोणी हललंच नाही. मग तिने आमच्या जुन्या सेटवरचा माझा आवाज शोधून फोनमध्ये घेतला. शॉट आला की बटण दाबायची, मी ओरडायचो.

म्हणजे तिच्या सेटवर मी रोज हजर होतो. एकोणीस वर्षांचं माझं काम तिच्या फोनमध्ये एका सेकंदात मावलं.

वाईट वाटलं. बरंही वाटलं. तिला दुसऱ्या कोणाचाही आवाज चालला असता, पण तिने माझा शोधला. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

२७ मे, दुपारी
चार दिवस उरले. चित्रपट दोन तास एकोणपन्नास मिनिटं. फोन केला. म्हणालो, तुझा कट रेकॉर्ड करून पाठव. ती म्हणाली, रेकॉर्ड कशाला, येते.

२८ मे
आली. स्टूल ओढून माझ्या डावीकडे बसली. एडिटरने चित्रपट सुरू केला. नऊ मिनिटं बारा सेकंदांनी, घड्याळजीने घड्याळ कानाशी धरलं तिथे, ती हळूच म्हणाली, कट. एडिटरने कापलं. मला विचारलंही नाही.

चांगला झालाय. टेबल गेलं, चष्मा गेला, चपलाही गेल्या. एकाचीही आठवण आली नाही.

२० जून
दोघांचेही चित्रपट स्पर्धेत निवडले गेले. त्याच पत्रकारबाई पुन्हा आल्या, तोच प्रश्न घेऊन. या वेळी मी आधी बोललो. मी अ‍ॅक्शन म्हणतो, ही कट म्हणते. तेवढ्यावरच थांबायचं ठरवून गेलो होतो. पण अ‍ॅक्शन म्हणजे नेमकं काय, हे एकदा नीट सांगणं गरजेचं होतं. म्हणून थोडं मनोगतातलं सांगितलं. बाईंचा चहा गार झाला. मग त्यांनी लिहायचं थांबवलं. मी चपलांपर्यंत आलो होतो.

तेवढ्यात डावीकडून धाकटी म्हणाली, कट.

मी थांबलो.