नदीकाठची आतषबाजी आणि माझी मोक्याची जागा

३ जुलै, शुक्रवार

जिराफाने आज बातमी आणली. (जिराफ म्हणजे ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी. नाव मी ठेवलंय, अर्थात मनातल्या मनात.) पंचवीस तारखेला नदीकाठी मोठी आतषबाजी असते म्हणे, अख्खं शहर लोटतं. बराच वेळ बोलत होता. मला जवळजवळ सगळं समजलं. शेवटी त्याने काहीतरी विचारलं, मी इथल्या भाषेत 'हो' म्हटलं. तो खूश होऊन गेला.

परक्या देशात आठ महिन्यांत भाषेवर एवढी पकड येणं ही साधी गोष्ट नाही. 'हो'चा उच्चार तर माझा अगदी इथल्या माणसासारखा होतो.

रात्री. हिने जेवताना एकदम विषय काढला. दोन ऑगस्टला सासूबाई परत जाणार आहेत, त्यांच्याबरोबर मीही जाते म्हणते. किती दिवसांसाठी, विचारलं. बघू, म्हणाली. हे 'बघू' मला आवडलेलं नाही. कारण विचारलं तर म्हणे दिवसभर घरात जीव रमत नाही, आणि बाहेर गेलं की तुम्ही मला तोंड उघडू देत नाही.

हे साफ खोटं आहे. तिला भाषेचा त्रास होऊ नये म्हणून दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात मीच पुढे होतो. याला काळजी म्हणतात.

सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी फक्त आमटी वाढली.

५ जुलै, रविवार

निर्णय झाला. दोघींना आतषबाजी दाखवायची, तीसुद्धा सगळ्यात मोक्याच्या जागेवरून. नदी, रोषणाई, बाजूला मी. एकदा मन इथे लागलं की विमानात आपोआप एकट्या सासूबाई बसतील.

संकल्प: (१) रोज अर्धा तास भाषेचा अभ्यास. (२) जागेची पाहणी. (३) चिडायचं नाही.

अभ्यास उद्यापासून. आज रविवार आहे.

९ जुलै, गुरुवार

शुक्रवारच्या त्या 'हो'चा अर्थ आज कळला. पुढचे दोन शनिवार लिफ्टच्या दारांच्या चाचणीला जिराफाऐवजी मी जायचं आहे. साहेबांनी माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं. निदान मला तरी ते कौतुक वाटलं.

पंचवीस तारीख त्यात येत नाही, हे नशीब.

अभ्यास झाला नाही. घरी आलो तर ही नव्हती. खालच्या मजल्यावर शिंपीणबाईंचं दुकान आहे, रोज दुपारी ही तिथे जाऊन बसते. दोघी खाणाखुणांनी काय गप्पा मारतात देव जाणे. हसण्याचा आवाज मात्र जिन्यात ऐकू येतो. बिचारीला तेवढाच विरंगुळा.

१२ जुलै, रविवार

जागा सापडली! पुलाच्या अलीकडे, कठड्याला लागून हिरवळीचा उतार. समोर नदी, मध्ये एक झाड नाही, खांब नाही. शेजारी मोठी पाटी आहे. तिच्यावरचा पहिला शब्द मला ओळखीचा वाटला, 'स्वागत' किंवा त्याच्या घराण्यातला. बाकीचा मजकूर लांबलचक होता. स्वागताचंच काहीतरी असणार.

एवढ्या मोठ्या शहरात ही जागा कोणालाच कशी सुचली नाही, याचं नवल करत घरी आलो. इथली माणसं सज्जन आहेत, पण दूरदृष्टी नाही.

हीसुद्धा बरोबर यायचं म्हणत होती. नेलं नाही. सरप्राइज आहे.

१९ जुलै, रविवार

काल दिवसभर लिफ्टची दारं उघडबंद होताना पाहिली. रात्री स्वप्नातही तीच. अभ्यास अशा परिस्थितीत कसा होणार?

आज दोघींना बसवून जागेचं पाटीसकट वर्णन केलं आणि गर्दीत कसं वागायचं ते समजावलं. मी दुपारीच जाऊन जागा धरीन, तुम्ही संध्याकाळी पुलाजवळच्या स्टेशनावर उतरून यायचं. उत्तरेकडच्या दारानेच बाहेर पडायचं. चुकामूक झाली तर घाबरायचं नाही, उगाच कोणाशी बोलायला जायचं नाही, मी शोधत येईन.

सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, आणि तुम्हीच हरवलात तर?

मी मोठ्याने हसलो. ही हसली नाही. ती म्हणाली, पाटीवर काय लिहिलंय ते एकदा कोणाला तरी विचारून घ्या. मी म्हटलं, विचारायला कशाला हवं, वाचता येतं मला.

चिडलो नाही. आवाज थोडा चढला, इतकंच.

२५ जुलै, शनिवार. दुपारी दोन

जागेवर. प्लॅस्टिकची चटई अंथरली, चार कोपऱ्यांवर चार बूट ठेवले. दोन माझे, दोन जुने मुद्दाम घरून आणलेले. ही कल्पना माझीच.

ऊन कडक आहे. पांढरी टोपी आहे म्हणून बरं. आसपास दोनशे पावलं माणूस नाही. पलीकडच्या हिरवळीवर मात्र मुंग्यांसारखी गर्दी. येणारे-जाणारे माझ्याकडे बघतात, पाटीकडे बोट दाखवतात, काहीतरी सांगतात. मी हात हलवतो. फार प्रेमळ लोक.

साडेचार

एक रखवालदार येऊन गेला. अत्यंत अदबीने बोलला. मी 'हो' म्हटलं. तोही 'हो' म्हणाला. मग थोडा वेळ थांबून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला एक बिस्कीट दिलं.

तो गेला. ओळखी अशाच होतात.

२६ जुलै, रविवार

कालचं पुढचं लिहितोय. अंग मोडून आलंय, पण लिहिलं पाहिजे.

पाच वाजता रखवालदार आणखी दोघांना घेऊन आला. त्यांनी माझे चारही बूट ओळीने लावले, चटईची इतकी सुबक घडी घातली की आमच्या घरात तशी कधी कोणी घातली नसेल, आणि ती माझ्या काखेत दिली. मागे अग्निशमन दलाची गाडी उभी होती. मोक्याची जागा ही तिची होती. पाटीवरचा तो पहिला शब्द 'स्वागत' नव्हे, 'सावधान' होता. दोन्ही शब्द दिसायला बरेच सारखे आहेत, कोणाचीही गफलत होईल.

हिला फोन लावला. लागेना. एवढ्या माणसांनी एकदम फोन हातात घेतल्यावर काय होणार? मग ठरवलं, स्टेशनाच्या उत्तरेकडच्या दाराशीच गाठू. पण स्टेशनाकडून नदीकडे येणारी गर्दी एका रस्त्याने आणि जाणारी दुसऱ्या रस्त्याने, असा बंदोबस्त होता. मी जाणाऱ्या रस्त्याला लागलो, तो पुढे वळला, मग आणखी वळला, दोन्ही बाजूंनी दोर, मध्ये आम्ही. थांबायची सोय नाही. हातात जुने बूट, काखेत चटई. बूट टाकून द्यावेत तर कचऱ्याची पेटी दिसेना.

अंधार पडला आणि पाठीमागे पहिला बार उडाला. सगळे 'आऽऽ' करून मागे वळले. मीही वळलो. मध्ये एका विमा कंपनीची दहामजली इमारत होती. आतषबाजी मी पाहिलीच नाही असं नाही. समोरच्या इमारतीच्या काचांमध्ये अधूनमधून लाल-हिरवं काहीतरी हलत होतं, ते मी पाहिलं. छान होतं.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर बाईच्या आवाजात घोषणा झाली. भोवतालचे लोक गालातल्या गालात हसायला लागले. मीही हसलो. लोकांमध्ये मिसळायचं तर असं मिसळावं लागतं. घोषणा पुन्हा झाली, हशा वाढला, मी जास्त हसलो. मग शेजारच्या एका म्हातारीने माझी टोपी पाहिली, काखेतली चटई पाहिली, हातातले बूट पाहिले आणि मला काहीतरी विचारलं.

मी 'हो' म्हटलं.

आमची अख्खी रांग खो-खो हसत सुटली.

घोषणा काय होती ते नंतर समजलं. "एक गृहस्थ हरवले आहेत. वय बेचाळीस, पांढरी टोपी, जवळ चटई. भाषा फारशी येत नाही. कोणत्याही प्रश्नाला 'हो' म्हणतात, त्यावर विसंबू नये. दिसल्यास कृपया न घाबरवता नदीकाठच्या तंबूत आणावे."

ते मला तेव्हा कळलं असतं तर त्या दोराखालून मी कुठे तरी पळालो असतो. पण लगेच लाउडस्पीकर खरखरला आणि त्या परक्या गर्दीच्या डोक्यावरून, बारांच्या आवाजातून, स्वच्छ मराठी ऐकू आलं.

"अहो, ऐकताय ना? मी बोलतेय. आहात तिथेच थांबा. मीच सांगितलंय त्यांना, कोणीतरी घ्यायला येईल. त्यांच्याबरोबर या. आणि आई विचारतेय, पाणी प्यायलात का?"

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. बाहीने डोळे पुसले. धूर फार होता. आणि काय करावं ते न सुचून मी लाउडस्पीकरच्या खांबाकडे बघून मोठ्याने म्हणालो, नाही प्यायलो. दुपारी दोनपासून नाही.

म्हातारीने माझं कोपर धरलं, तिच्या नवऱ्याने चटई घेतली, लोकांनी दोर वर उचलून वाट दिली. मला वरातीतल्यासारखं तंबूत पोचवण्यात आलं.

हरवलेल्या माणसांचा तंबू हा थेट पाण्याच्या कडेला असतो. मध्ये एक झाड नाही, खांब नाही. पुढच्या खुर्चीवर सासूबाई पायांवर शाल घेऊन बसलेल्या, हातात चहा. त्यांनी सुरुवातीपासून सगळी आतषबाजी पाहिली. दोघी अग्निशमनवाल्या उतारापर्यंत जाऊन आल्या होत्या, मी तिथे सापडलो नाही तेव्हा हिने सरळ पोलिसाला गाठलं. तंबूतल्या अधिकारीबाईंना आधी वाटलं मूल हरवलंय. वय ऐकल्यावर त्यांनी म्हणे पुन्हा विचारून घेतलं.

आणि ही! माइकशेजारी बसून त्या बाईंशी इथल्या भाषेत धडाधडा बोलत होती. मध्येच काही विनोदही केला, दोन पोलीस हसले. मी बघतच राहिलो. हे कधी शिकलीस, विचारलं. शिंपीणबाईंकडे, म्हणाली, पाच महिने रोज दुपारी. मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "सांगणार कधी? बोलायची वेळ आली की तुम्ही पुढे."

मी खुर्चीवर बसलो आणि पाणी प्यायलो. त्याच वेळी आतषबाजी संपली.

२९ जुलै, बुधवार

ऑफिसात जिराफ म्हणाला, शनिवारी नदीवर त्याने ती घोषणा ऐकली, खूप मजा आली. मी विचारलं, मीच तो हे ओळखलंस का. 'हो' म्हणाला. हे मात्र मला नीट समजलं.

अभ्यास सुरू केलाय. दहा मिनिटं.

घरात जाण्या-राहण्याचा विषय नाही. हिची बॅग पलंगाखालून बाहेर काढलेली दिसते. रिकामी आहे. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. विचारण्याचा धीर होत नाही.

२ ऑगस्ट, रविवार

सासूबाई गेल्या. एकट्याच. बॅग त्यांना जास्तीची हवी होती.

विमानतळावर त्या आत जायला निघाल्या तेव्हा मी वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, सांभाळा. मी म्हटलं, अजिबात चिंता करू नका, मी तिला जपीन. त्या म्हणाल्या, तुम्हाला नाही, तिला सांगतेय.

तरी मनात म्हटलं, शेवटी आपली योजना यशस्वी झाली. आतषबाजी दाखवली, मन रमलं, राहिली. खर्चाची, उन्हाची, अपमानाची भरपाई झाली.

परतताना बसस्टॉपवर हिला शिंपीणबाईंचा फोन आला. त्या काय विचारत होत्या ते ऐकू आलं नाही, पण अंदाज आला. ही हळू आवाजात इथल्या भाषेत म्हणाली, जायचं फार मनात होतं हो, पण या माणसाला इथे एकटं कसं टाकून जाऊ?

परक्या भाषेतलं पहिलंच अख्खं वाक्य मला एका दमात समजलं. व्याकरणासकट.

मी काही ऐकलं नाही असं दाखवून बसची वाट बघत उभा राहिलो. बस आली. मी चढायला निघालो, तशी हिने मागून शर्ट धरला. आपली पुढची होती.