हिरवंच पुडकं

२ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टर म्हणतात, छातीत यंत्र बसवा. काड्यापेटीपेक्षा लहान. हृदयाचा ठोका चुकला की ते आठवण करून देईल. आणि ते स्वतःच चुकलं तर? त्याला कोण आठवण करून देणार? विचारलं. डॉक्टर घड्याळाकडे बघत हसले. मी नाही म्हणून उठलो.

येताना गाडी मुलीने, आ-जूने चालवली. प्रत्येक सिग्नलला वळून माझ्याकडे बघायची. ती अशी बघायला लागली की मला जास्तच धडधडतं.

३ नोव्हेंबर

समुद्राची देवी माझूआई, तिच्या देवळात गेलो. यंत्र बसवू का? कौल लावायच्या दोन लाकडी चंद्रकोरी टाकल्या. दोन्ही उताण्या पडून डुलत राहिल्या — म्हणजे देवी हसली. पुन्हा विचारलं. पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही तेच! मी काय विनोद सांगतोय?

६ नोव्हेंबर

दुपारी डोळा लागला. स्वप्नात खाडी, मी कालवं पिकवायचो ती. कालवांच्या माळा पाण्यात लोंबत होत्या आणि प्रत्येक शिंपल्यात एक दिवा. हिरवट उजेड, खूप खोलवर. एक दिवा मधूनच विझायचा, पुन्हा लागायचा. मी तराफ्यावर ओणवा होऊन दोराची गाठ तपासत होतो. जाग आली तेव्हा हातात चादरीचं टोक.

चक्कर आली होती की झोप, कळत नाही. आ-जूला सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

आ-जूच्या खोलीतून हसण्याचे आवाज. आणि आत ती एकटी! माझ्या दुखण्यासाठी तैपेई सोडून घरी आली, तेव्हापासून काम त्या खोलीतच. दार ढकललं. समोर नुसता संगणकाचा पडदा.

"कोण आहे गं?"

"मैत्रिणी, अप्पा. सगळ्या माझ्यासारख्याच, प्रोग्राम लिहिणाऱ्या. पुढच्या शनिवारी आमचा मेळावा आहे. मी बोलणार आहे."

"जायचंय कुठे?"

"कुठेच नाही. इथेच, या खुर्चीत."

घरात बसून मेळावा! वर्तमानपत्रात रोज येतं, असंच गोड बोलून लोकांना लुबाडतात. "बँकेचा नंबर विचारला का कोणी?"

"त्या फक्त जेवलीस का एवढंच विचारतात," म्हणाली.

तसंच तर सुरू होतं!

१३ नोव्हेंबर

फार मोठी चूक झाली.

आ-जूच्या टेबलावर दिव्यांची काळी पेटी आहे. घरातलं सगळं इंटरनेट तिच्यातून येतं. पेटीवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पुडकं ठेवलेलं असतं. पुडक्याच्या नावाचा अर्थ — शहाण्यासारखं वाग. तिच्या धंद्यात सगळेच ठेवतात म्हणे, तेही हिरवंच, यंत्र रुसू नये म्हणून. लहानपणी मी तिला उठता-बसता हेच सांगायचो. आता ती पेटीला सांगते.

आज पुडक्यावरची तारीख पाहिली. संपत आलेली. खाणं वाया जाणार! बसून खाल्लं. खोबऱ्याचा वास, लोण्याची चव, छान डुलकी आली. उठलो तर पेटी बोडकी!

श्वेइल्यानच्या दुकानात धावलो. हिरवं संपलेलं.

"पिवळं घ्या की, काका. मसाल्याचं आहे. यंत्राला काय रंग कळतो?"

"आ-जूला कळतो."

"मग तिला सांगा, उन्हानं विटलं!"

पिवळं आणलं. चंदेरी पाठ पुढे करून ठेवलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मेळावा झाला. विसरायच्या आत लिहितो.

दुपारी आ-जू लाल ब्लाउज घालून बसली. मी दाराआड स्टुलावर. पडद्यावर एक चितारलेली बाग — झाडं, बाकं, मधोमध तळं. बोटाएवढ्या बाया बागेत हिंडत होत्या. दोघी जवळ आल्या की त्यांचे खरे चेहरे उमलायचे, आवाज यायचे. लांब गेल्या की आवाज विरत जायचे, धुक्यात होडी जावी तसे. बघता बघता मीच कुठे आहे ते विसरलो.

आ-जू बोलायला लागली. आणि सगळं थिजलं! बायांची तोंडं उघडी ती उघडीच. आ-जूने वायरी चाचपल्या. मग पेटीवरचं पुडकं उलटं केलं.

"अप्पा."

मी स्टूल धरून बसलो.

"पिवळं? अहो, सिग्नलचा पिवळा! थांबायच्या तयारीत राहा, असं सांगितलंत तुम्ही त्याला!"

"हिरवं... खाल्लं मी."

तिने पुडकं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, पेटी बंद करून चालू केली. बाग परत आली. वाटलं, आता माझी तक्रार होणार. झालीच! "वडिलांनी यंत्राचं पुडकं खाल्लं!" त्या बाया अशा हसल्या, अशा हसल्या! मग आ-जू म्हणाली, "माझं बोलणं भीतीबद्दलच आहे. अप्पा घरातून निघताना गॅसची चावी तीनदा बघतात. शाळेत मला लाज वाटायची. आता मी माझं काम पुढे पाठवण्याआधी तीनदा तपासते. चूक तिसऱ्यांदा सापडते. ही भीती मला त्यांनी दिली."

पडद्यावर पत्त्यांत असतात तसे छोटे छोटे लाल बदाम बुडबुड्यांसारखे वर जायला लागले. टाळ्याच त्या, नंतर कळलं.

भाषणं संपल्यावर गप्पा. आ-जूने मला खुर्चीत बसवलं, बागेत टोपीवाला एक बाहुला दिला, तो मी. बटणं दाबली की चालतो. चाललो तो थेट तळ्यात!

"काका, पोहता येतं ना?" एक चेहरा उमलला. पेइ-शान. ह्वालिएनच्या एका हॉस्पिटलातले संगणक तीच सांभाळते. म्हणाली, "आमच्याकडे तर प्रत्येक यंत्रावर हिरवं पुडकं असतं."

मग मी विचारलंच. "छातीतलं यंत्र बंद पडलं तर?"

कोणी हसलं नाही. कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"पडू शकतं, काका," पेइ-शान म्हणाली. "कधीच पडणार नाही म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. म्हणून तर आम्ही घाबरत घाबरत तपासतो."

तळ्यात उभा राहून किती तरी वेळ बोललो. पाणी निळं होतं. पाय ओले झाल्यासारखे वाटत होते.

१७ नोव्हेंबर

आ-जूने दुसऱ्या गावातून हिरवं आणलं. मला त्याला हात लावायची बंदी.

यंत्राला हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

२० नोव्हेंबर

देवळात गेलो. आज यंत्राचं विचारलंच नाही. विचारलं — घाबरत घाबरत हॉस्पिटलात गेलो, तर चालेल का?

एक कोर उताणी, एक पालथी.

हो!

२८ नोव्हेंबर

हॉस्पिटलात डोळे उघडले तेव्हा छातीला पट्टी होती, आणि वर काहीतरी कुरकुरलं. पांघरुणावर पुडकं. त्यावर आ-जूच्या अक्षरात — तपासलं. तपासलं. तपासलं.

हिरवंच आहे. मीही तीनदा पाहिलं.