टोपीमागचा सिनेमा

रेन, ६ फेब्रुवारी १९४९

चि. आर्मेल हिस,
अ. उ. आ.

तुझ्या लग्नाची नोटीस नगरपालिकेच्या दारावर लागली, हे मला पोस्टमनच्या बायकोकडून कळावं? इव्हों लढाईत गेला आणि त्याच्या विधवेनं जर्मनाशी लग्न करायचं? एवाल्ड कैदी म्हणून आला, सुटल्यावर राहिला, तुझी सफरचंदाची बाग त्यानं सावरली, सगळं मान्य. पण गाव तुला जगू देणार नाही. नाताळात आपण इथं सिनेमा पाहिला, आठवतोय ना? नवरा आघाडीवर, बायकोचा जीव दुसऱ्यावर, आणि शेवटी बाई मरते. अशा प्रेमाचं असंच होतं. नोटीस काढून घे.

धाकटीनं हट्ट करायचा आणि थोरलीनं झोप घालवायची, हे लहानपणापासून चाललंय. तेवढं ऐक.

तुझ्या काळजीनं वाळलेली,
ओदेत

केरवेन, १४ फेब्रुवारी १९४९

ती. ओदेतताईस,
सा. न. वि. वि.

नोटीस जागेवरच आहे.

गंमत ऐक. तोच सिनेमा रविवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये लागला. फादरांनी तो लढाईचा समजून मागवला होता! त्यांची रीत तुला ठाऊकच आहे. पडद्यावर कुणी कुणाच्या जवळ सरकलं की प्रोजेक्टरच्या भिंगापुढे टोपी धरायची आणि आवाज बंद करायला लावायचा. या वेळी टोपी खाली येईचना. त्यात रीळ आल्यावर, नवरा असताना दुसरा हे गावाला दिसू नये म्हणून, नवऱ्याचे प्रसंग तर त्यांनी आधीच कात्रीनं उडवले होते. परिणाम काय, तर तो प्रियकरच तिचा लग्नाचा नवरा, असा अख्ख्या गावाचा समज झाला. बाई मेली तेव्हा हॉलभर हुंदके. नोटीस लागल्यापासून मला शिळा पाव देणारी बेकरीवालीसुद्धा, देवानं असली पतिव्रता न्यायला नको होती, म्हणून रडत होती.

मग मात्र मला राहवेना. उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, की तो तिचा नवरा नव्हे, नवरा तिकडे खंदकात बसलाय. तुम्ही जिच्यासाठी नाकं पुसताय तिचा नवरा जिवंत होता, माझा तर मेलाय. फादरांनी मला खाली बसायला सांगितलं. मी म्हटलं, पुष्कळ बसले.

बाहेर पडल्यावर तिघीचौघींनी मला कोपऱ्यात गाठून टोपीमागे काय काय झालं ते विचारून घेतलं. पाव अजून शिळाच मिळतो.

ताई, ती बाई मेली, कारण लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही. मला मरायला सवड नाही, सकाळी गाईंच्या धारा काढायच्या असतात. एवाल्डवर माझं प्रेम आहे आणि मी ते मान खाली घालून करणार नाही.

लग्न शनिवारी. त्याच्या बाजूनं शेजारचा म्हातारा सही करील, माझ्या बाजूनं कुणी तयार नाही. साक्षीदाराशिवाय मेयर लग्न लावणार नाहीत. तू नाही आलीस, तर रस्त्यात पहिला दिसेल त्याला धरून आणीन.

राग असू दे, पण लोभही असू दे.

तुझी हट्टी,
आर्मेल

रेन, १७ फेब्रुवारी १९४९

चि. सौ. कां. आर्मेल हिस,
अ. उ. आ.

तू चुकते आहेस, हे माझं मत कायम आहे. तुझे मेव्हणेही तेच म्हणतात, आणि मी निघाले म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. घरात तेवढीच शांतता.

शुक्रवारच्या बसनं येते. येताना इथला ताजा पाव आणते. एवाल्डला म्हणावं, थोरल्या मेहुणीसमोर हात धुऊन जेवायला बसायचं.

लग्नाला कुणाची हरकत आहे का, असं मेयरांनी विचारलं, तर माझी आहे. ती मी जेवणानंतर सांगेन. आधी सही करीन.

तुझ्या बाजूची,
ओदेत