बुटक्यांनी दारात ठेवलेले धोंडे

जानेफळ,
चैत्रातला बुधवार

राजमान्य राजश्री महादेवराव भाऊजी यांना पुंजाजीचा वाकून नमस्कार. इकडे सोजरा बरी, बैल बरे, मी मात्र जरा सावध आहे. तुमचा खोकला काय म्हणतो? अन्नपूर्णाताई जळगाव जामोदच्या उन्हाला रुळली असेल अशी आशा करतो. (लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून रुळली नसेल तर आता इलाज नाही.)

पत्राला कारण विहीर. माघातच तिनं तळ दाखवला आणि वांग्यांनी माना टाकल्या. ही वांगी गेली तर आमचं वर्ष गेलं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सगळ्या गावानं एकमुखानं सल्ला दिला की लोणारचे बुटके बोलाव. लोणारच्या तळ्याखाली बुटके राहतात हे आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होतं, पण त्यांना मेहकरच्या बाजारात विळे-कुऱ्हाडी विकताना पाहणं वेगळं आणि आपल्या विहिरीत उतरवणं वेगळं. उंची आपल्या कमरेइतकी, दाढी त्यांच्या गुडघ्यापर्यंत. नवं राज्य झाल्यापासून ते एसटीनं फिरतात, आणि कंडक्टरनं अर्धं तिकीट दिलं तर भांडून पूर्ण घेतात. (जो पूर्ण तिकीट मागून घेतो, त्याच्यावर माणसानं विश्वास कसा ठेवावा?)

तर बुटक्यांचं एक कुटुंब आलं. त्यांचा म्होरक्या मुरमाजी विहिरीत उतरला आणि त्यानं काय करावं? खडक चाटला. मग जरा सरकून दुसरीकडे चाटला. चव कशी आहे विचारलं तर नुसता हसला. मग सगळे काठावर बसले, जमिनीवर हात टेकून, वैद्य नाडी बघतो तसे, आणि बसूनच राहिले. खोदायची सब्बल, म्हणजे पहार, कुणी उचलेना. मजुरीचं विचारलं तर नको म्हणाले. भाऊजी, मजुरी न मागणारा माणूस काय मागायला आला असेल, या विचारानं माझी भाकर कमी झाली. त्यात दाढ्या बायकांनाही. मी एकाला "घ्या दादा" म्हणून बिडी दिली, ती मुरमाजीची बायको चुनखडाबाई निघाली. ती रागावली नाही, पण बिडी परतही दिली नाही. पुढे कळलं की यांचा कुणी अपमान केला तर हे दाढीत एक गाठ मारून ठेवतात आणि नातवापर्यंत सोडत नाहीत. त्या दिवसापासून मी चुनखडाबाईच्या दाढीवर नजर ठेवून होतो. (हे वाक्य ताईला वाचून दाखवू नका.)

मग धोंडे सुरू झाले. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यासमोर एक धोंडा, चांगला घासूनपुसून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आपल्या मुलखात धोंड्याचा अर्थ काय होतो हे मी तुम्हाला काय सांगू? आज दारात, उद्या शेताच्या हद्दीला धुऱ्यावर, परवा पटवाऱ्याच्या नकाशात! मी ठरवलं की पुरावा जमवायचा. रोजचा धोंडा उचलून घरात आणायचा आणि कणगीमागे रचून ठेवायचा. सोजरा म्हणाली, "काऊन आणून राह्यले थे घरात? राहू द्या नं बाहीर." पण बायकांना कायद्यातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. (मोठ्यानं म्हणालो नाही, कारण ती भाकरी थापत होती.)

ढीग पुरेसा झाल्यावर मी पटवाऱ्याला निरोप धाडला. तो यायच्या आत मुरमाजीचं अख्खं खटलं दारात! दाढ्यांना तेल, हातात लोखंडी पत्रे, ते बडवत. मी कुऱ्हाडीचा दांडा शोधत होतो, तोवर मुरमाजी माझ्या पाया पडला. (त्याला फार वाकावं लागलं नाही.) तेव्हा उलगडा झाला. बुटका परक्याच्या विहिरीत पाणी फोडत नाही, आधी नातं लागतं. दारात धोंडा ठेवला म्हणजे विचारणा, घरात नेला म्हणजे होकार. पहिला धोंडा घेतला की शेजारी, दुसरा घेतला की सोयरा. शहाणी माणसं तिथंच थांबतात. मी रोज उचलत गेलो आणि चढत चढत त्याची लेक गारगोटी हिचा सख्खा मामा होऊन बसलो. मुरमाजी म्हणाला, "मामा, आमालेच तुमची शंका येऊन राह्यली व्हती. एवढं नातं कोनाले लागते?" मी त्यांच्यावर पाळत ठेवत होतो तेव्हा त्यांनी चुनखडाबाईला माझ्या पाळतीवर बसवलं होतं. पटवारी आला तो पत्र्यांचा गजर ऐकून घरात लग्नच आहे असं समजला, आहेर आणला नाही म्हणून ओशाळला आणि आल्या पावली परत गेला.

आता पुढच्या मंगळवारी गारगोटीचं लग्न, आमच्या विहिरीच्या तळाशी. वधूच्या दाढीला तेल लावायचा मान मामाचा आणि पाण्यासाठी पहिली सब्बल मारायचा मानही मामाचाच. मामा उतरला नाही तर पाणी नाही. विहिरीत वाकून बघितलं तरी मला गरगरतं हे तुम्हाला माहीत आहे, पण वांग्यांकडे पाहिलं की त्याहून जास्त गरगरतं. उतरणार आहे. मागायचं असं काही नाही, फक्त तुमच्या कानावर घातलं.

आपला,
पुंजाजी

ता. क. मामानं वधूला धोंडा द्यायचा असतो, आणि तो जिथं आपण बहीण दिली त्या घरचा लागतो. तेव्हा तुमच्या अंगणातला एक चांगलासा ताईबरोबर सोमवारच्या एसटीनं पाठवा. धुऱ्यावरचा उचलू नका, तुमचे शेजारी संशयी आहेत.

ता. क. दुसरा. नातं पक्कं झाल्यापासून दारात धोंडा येत नाही. घरच्या माणसाला कशाला विचारायचं, अशी त्यांची रीत. रीत बरोबर आहे. तरी मी रोज दार उघडून बघतो आणि उगाच वाईट वाटतं. म्हणून धोंडे दोन पाठवा. दुसरा मी गुपचूप, विहिरीशेजारी त्यांनी ठोकलेल्या पालासमोर ठेवून येईन. कुणी पाहिलं तर माझ्यावर काय काय संशय घेतील, एवढीच धास्ती आहे.