वरच्या मजल्याचं मत

देवपूर, शनिवार संध्याकाळ

मोठे दीर, आमचे भाऊ, आज कॉलेजात तासभर बोलले. दूर समुद्रातल्या बेटांवर जे राहतात, त्यांनाही राज्य करणाऱ्या देशातल्यांइतकेच हक्क हवेत, मत हवं. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आणि घरी येऊन म्हणतात, "अख्ख्या घराला पोपटी रंग ठरवलाय." पोपटी! वरच्या मजल्यावर आम्ही राहतो, आम्हाला कोण विचारतं?

"भाऊ, आम्हा बेटवाल्यांना मत नाही का?" बोलून गेले खरी.

सासूबाई हसल्या. "खरं शे तिनं म्हणणं. बठ्ठा जण हात वर करा."

पोपटीसाठी भाऊ, जाऊबाई आणि... माझाच नवरा. विरोधात मी आणि सासूबाई.

"भाऊंसमोर हात आपोआप वर गेला गं," वर आल्यावर नवरा म्हणतो.

पोपटी खोलीत तूच झोप, म्हटलं.