फिश टँकमधली खरी झाडं

महाड, बुधवार

प्रिय समीक्षा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच ठेवून देशील, असंही होईल. तसं झालं तरी माझी तक्रार नाही. तुझा पुण्याचा पत्ता मी तुझ्या आणि भरतच्या घटस्फोटाच्या कागदांवरून उतरवून घेतला. नंबरही तिथे होता. पण फोन उचलला की माणसाला लगेच काहीतरी बोलावं लागतं, आणि ती वेळ मला तुझ्यावर आणायची नव्हती. कोर्टात पस्तीस वर्षं लोकांच्या साक्षी टाइप केल्या, पण स्वतःचं असं काही लांबलचक लिहायची सवय नाही. इकडचं तिकडे झालं तर समजून घे.

तुझा माशांचा टँक चालू आहे. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात तू तो माहेराहून आणलास. मी वीर स्टेशनवर घ्यायला आलो होतो. रिक्षात ती दीड फुटाची काच तू मांडीवर घेऊन बसलीस आणि झाडांचा डबा माझ्या हातात दिलास. झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. घरी आल्यावर तुझ्या सासूनं, शकूनं डब्यात डोकावून विचारलं, "एवढ्या लांबसून गवत कशाला आणलंस गो?" तू हसलीस. मग भिंतीवरची दोन हजार एकवीसच्या पुराची रेघ बघून, तिच्यापेक्षा उंच असा लोखंडी स्टँड करून घेतलास. दर रविवारी तू पाणी बदलायचीस आणि मी पेपर वाचत बसायचो. तू सांगत असायचीस, हे झाड का, ते का नको. मी हं हं करायचो. लक्ष दिलं असतं तर पुढे एवढी झाडं मेली नसती.

तू गेल्यावर भरत म्हणाला, हे भंगारात देऊन टाका. मी तो टँक माझ्या खोलीत नेला. का नेला, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. झाडांना ऊन लागतं एवढंच माझं ज्ञान, म्हणून खिडकीत ठेवला. पंधरा दिवसांत पाणी हिरवंगार झालं, काचेवर शेवाळ चढलं आणि गप्पी मासे एकेक करून मेले. नळाचं पाणीही मी थेट ओतत होतो. क्लोरीन उडावा म्हणून एक दिवस बादलीत ठेवायचं असतं हे कुठे माहीत होतं. मग सगळं रिकामं करून धुतलं आणि झाडं पुन्हा लावली. जाड देठाचं ते अनुबियास मी चांगलं खोल दाबून बसवलं. ते कुजलं. तू ते दगडाला दोऱ्यानं बांधलेलं होतंस, हे मला कुजल्यावर आठवलं.

बाजारात हृतिकचं माशांचं छोटं दुकान आहे. मुलगा तिशीचा, पण समजावून सांगतो. त्या तपकिरी पानांच्या क्रिप्टो नावाच्या झाडाची सगळी पानं आठ दिवसांत विरघळली, तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, उपटू नका. जागा बदलली की ती असंच करते. मूळ घट्ट असेल तर परत फुटेल." दीड महिना मी नुसत्या रेतीकडे बघत होतो. मग एक पान आलं. मी शकूला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "दिसतंय हो," आणि चष्मा घातलेलाच नव्हता.

एकदा पोलादपूरला गावी गेलो तेव्हा वहाळातून हायड्रिलाचं पाणगवत घेऊन आलो. फुकटचं, आपल्याच मातीतलं, म्हणून खूष होतो. न धुता टँकमध्ये सोडलं. नव्या गप्पींना पिल्लं झाली होती, ती रोज कमी होऊ लागली. शेवटी सापडला, झाडाबरोबर आलेला, पिल्लं खाणारा चतुराचा किडा, बोटाच्या पेराएवढा, दिवसभर पानामागे दडून बसलेला. तेव्हापासून कुठलंही नवं झाड आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवतो. महाडच्या मे महिन्यात कोणतं झाड टिकतं ते आता मला कळतं. लाल पानांची दिसायला छान असतात, पण त्यांना प्रकाश जास्त लागतो, पाण्यात वेगळा गॅस सोडावा लागतो. ती मी घेत नाही. व्हॅलिसनेरियाच्या लांब पात्यांनी मागची सगळी बाजू भरून टाकली आहे. दिवा सात तास, त्याहून जास्त नाही. रविवारी पाव भाग पाणी बदलतो.

लोक म्हणतात, निवृत्तीनंतर येसाजीरावांना छंद लागला. मी त्यांना तसं म्हणू देतो.

समीक्षा, माझी खोली तुमच्या खोलीला लागून होती. मधली भिंत एका विटेची. तू एमआयडीसीतल्या लॅबमध्ये नोकरीला लागलीस आणि त्यानंतर काय सुरू झालं ते मला ऐकू येत होतं. पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी पडलं. दुसऱ्यांदा तसं वाटायला जागा नव्हती. मी उठलो, दारापर्यंत आलो आणि परत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला. एकदा नाही. किती वेळा, ते तू मोजलं असशील. सकाळी तू चहा आणून द्यायचीस आणि मी कपाकडे बघायचो. तुझा भाऊ बोलणी करायला आला, सगळे हॉलमध्ये बसले, भरत म्हणाला हिला घर सांभाळता येत नाही, हात कधी उगारला नाही. तुझ्या भावानं माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही सांगा." मी म्हटलं, "त्या दोघांचं त्यांना माहीत." तू तेव्हा माझ्याकडे पाहिलंस. दुसऱ्या दिवशी एक बॅग घेऊन गेलीस.

आता परवाच्या रविवारचं. भरतसाठी पोलादपूरची एक मुलगी पाहिली होती. राजश्री नाव, शाळेत शिकवते. ती आणि तिचे आईवडील घर बघायला आले होते. तुझ्याबद्दल त्यांना सांगितलं होतं की स्वभाव जुळले नाहीत. मोठी माणसं हॉलमध्ये बोलत होती. राजश्री घर बघत बघत माझ्या खोलीत आली आणि टँकसमोर थांबली. "खरी आहेत की प्लास्टिकची?" मी म्हटलं, खरी. "तुम्ही लावली?" मी म्हटलं, "सुनेनं लावली होती. मी नुसती राखली." ती काचेजवळ वाकली. मग हळू आवाजात म्हणाली, "एवढं जीव लावून केलेलं मागे ठेवून का गेल्या त्या?"

तिनं सहज विचारलं की मुद्दाम, मला कळलं नाही. मी म्हणालो, "भरत तिला मारायचा. मला ऐकू यायचं आणि मी टीव्ही मोठा करायचो." तिचा चेहरा उतरला. पण ती शिक्षिका आहे. म्हणाली, "हे बाहेर सगळ्यांसमोर सांगाल?" मी हॉलमध्ये गेलो आणि उभ्यानंच पुन्हा तेच सांगितलं. तिच्या वडिलांनी कप खाली ठेवला. भरत चप्पल घालून निघून गेला. तो आता मित्राकडे राहतो. मी फोन केला, उचलत नाही. माझा मुलगा आहे, त्याची काळजी वाटते, तेही खोटं नाही.

शकू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. एवढंच म्हणाली, "पोराचा संसार उभा राहत व्हता, तो तुम्ही मोडलात." काल दुपारी भाजी निवडताना आपणहून म्हणाली, "मी तिच्या गालाला हळद लावलेली. इचारलं नाय." आणि परत भाजी निवडायला लागली.

इथवर तुला लिहायची गरज नव्हती. माझ्या मनाचं ओझं तुझ्या दारात आणून टाकायला मी हे लिहीत नाही. पण स्थळ अजून मोडलेलं नाही. भरतच्या मामानं पोलादपूरला जाऊन सांगितलं की येसाजीरावांचं डोकं अलीकडे ठिकाणावर नसतं, दिवसभर माशांशी बोलत बसतात. मुलीच्या वडिलांना ते पटण्यासारखं वाटतंय. मुलगा नोकरीचा, घर चांगलं. राजश्रीला पटलेलं नाही. काल संध्याकाळी तिचा मला फोन आला आणि तिनं तुझा नंबर मागितला. मी दिला. आधी तुला विचारायला हवं होतं, आणि ते मी केलं नाही. रविवारपर्यंत थांब, एवढं मात्र तिला सांगितलं आहे, म्हणजे तोवर हे पत्र तुझ्या हातात पडेल. रविवारी सकाळी अनोळखी नंबर दिसला तर ती राजश्री असेल. बोललीस तर जे घडलं ते सांग, माझंही सांग, काही गाळू नकोस. आणि नाही उचललास, तरी कुणी तुला बोल लावणार नाही. गप्प राहायचा हक्क तुला आहे. मला नव्हता.

तुझा सासरा,
येसाजी