दादाच्या समईचा कौल

२३ जाने., शुक्र.
सकाळी गावाहून काकांचा फोन. "बाय, दादाच्या बँकेचा नाव काय गो? गाऱ्हाण्यात सांगूक व्हया."
नंतर कळवते म्हटलं. ऑफिसला उशीर होतोय म्हटलं. होतही होता.
देवीसाठी दादाने करायला टाकलेली पितळेची समई तो गेल्यावर गावच्या घरी आली. जत्रेआधी ती गाभाऱ्यात ठेवायची, असं काकांच्या मनात आहे. नवी वस्तू कौलाशिवाय आत जात नाही. गुरव गाऱ्हाणं घालून देवीला सांगणार की ही कोणी दिली आणि कशाच्या कमाईतून. मग मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावणार. उजवी आधी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही.
दादा कुठल्याच बँकेत नव्हता. ते आईने गावात सांगितलेलं. तो कसिनोत पोकर खेळायचा. तीच त्याची कमाई, दुसरी नाही.

२५ जाने., रवि.
नवऱ्याबरोबर, सुधीरबरोबर, दुबईत जुमेरा लेक टॉवर्सला गेले. दादाचा फ्लॅट सोडायचा आहे. मायक्रोवेव्हच्या वरच्या कप्प्यात देवघर. वाती वळून ठेवलेल्या, डबीत कापूर. घरभर शोधलं, पत्त्यांचा एक कॅट सापडला नाही. गोवा, काठमांडू, जिथे चालतं तिथे जाऊन खेळायचा. इथे कधीच नाही. शेजारच्या रास अल खैमाकडे आता कायद्याने कसिनो होतोय हे कळल्यावर म्हणाला होता, "म्हणजे मला घर बदलावं लागणार. राहतो तिथे खेळायचं नाही."
सुधीर एकदा त्याला म्हणाला होता, "एवढं डोकं, विमा कंपनीत शोभला असतास."
"तेच करतो रे. टाय लावत नाही, एवढंच."
बिल्डिंगचा माणूस किल्ल्या घ्यायला आला. "खलास, मॅडम?" म्हटलं, अजून नाही. देवघर मी स्वतः मांडीवर घेऊन शारजाला घरी आणलं.

२८ जाने., बुध.
हमरियाला ऑफिसला जाताना व्हॅनमध्ये आज मी एकटीच. इब्राहिमचाचा गाडी चालवतात, रत्नागिरीकडचे. दादाला एअरपोर्टला तेच सोडायचे. विचारलं, तुम्हाला त्याचा धंदा माहीत होता?
"पहिल्याच दिवशी सांगितलं त्याने. मी म्हटलं, जुगाराचा पैसा मला हराम, भाडं घेणार नाही. तर हसून म्हणतो, बरोबर आहे चाचा, मग फुकट सोडा!"
"आणि तुम्ही सोडलंत?"
"मग काय करणार? अडकलो ना ताई! पण फुकट नाही बसला तो. माझ्या नाझियाला दहावीचं गणित त्यानेच शिकवलं. आणि गाडी थांबवून मी नमाजला गेलो की बोनेटपाशी उभा राहायचा. विमानाची वेळ झाली तरी कधी यल्ला, चला लवकर, म्हणाला नाही."
मी विचारलं, जुगारी माणूस भाविक असू शकतो का, चाचा?
त्यांनी आधी आरसा सारखा केला. मग म्हणाले, "आमच्यात जुगार तो जुगार. त्यात मी काही कमीजास्त बोलणार नाही. पण मी पैसा नको म्हटलं होतं, ताई. माणूस नको, असं नव्हतं म्हटलं."

१ फेब्रु., रवि.
आईला फोन केला. काकांना खरं सांगावं म्हणते, असं म्हटलं.
"गेलेल्या माणसाला आता कशाला जुगारी करतेस?"
"तो होताच गं."
"गावात मी कुठल्या तोंडाने फिरू?"
समई आत जावी अशी माझीही इच्छा आहे. तिच्याहून जास्तच असेल. पण देवीला खोटी कमाई सांगून हो मिळवायचं, म्हणजे... दादाने आयुष्यात कधी पत्ता लपवला नाही.
इरा ऐकत होती. "बट ममा, मामा नेव्हर चीटेड. ही डिडन्ट इव्हन लेट मी विन."
खरंय. नऊ वर्षांच्या भाचीलाही रमीत सोडायचा नाही.

५ फेब्रु., गुरु. संकष्टी.
उपास. यंदापासून मी धरलाय. दादाचा कधी चुकला नाही. एकदा गोव्यात बोटीवर खेळत होता. त्या हॉलला खिडक्या नसतात, घड्याळही नसतं. चंद्रोदयाच्या वेळेला उठून डेकवर गेला, चंद्राला हात जोडले, खिशातला पेढा खाल्ला. परत आला तर खुर्चीवर दुसराच बसलेला. "मग काय, जेवलो आणि झोपलो." त्या दिवशी जिंकत होता की हरत होता, ते सांगितलं नाही.
मी विचारलं होतं, गणपतीकडे चांगले पत्ते मागतोस का?
"छे. समोर बसलेलाही कुणाचा तरी भक्त असतो. देवाने काय करावं? मी फक्त डोकं शांत ठेव म्हणतो."
दिवसातले बहुतेक डाव तो न खेळताच सोडून द्यायचा. मला रांगेत कोणी पुढे घुसलं तरी दिवसभर पुरतं. एवढं शांत कसं राहायचं, ते शिकायचं राहिलं.
समोरच्या टॉवरमागून चंद्र उशिरा दिसला. आईचा फोन आला नाही.

७ फेब्रु., शनि.
दुपारी आईचा फोन. जेवलीस का, इरा काय करते. मग एकदम, "सांग काकांना. पण त्याने उपास कधी मोडला नाही, तेही गाऱ्हाण्यात घालायला सांग. अर्धंच सांगू नका."
लगेच काकांना लावला. ऐकून घेतलं त्यांनी. मग, "मगे दरवर्षी माका क्यालेंडर दिल्यान, ता खंयच्या बँकेचा?"
मला हसू आलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. त्याचं खातं होतं त्या बँकेतून मागून आणायचा, काकांसाठी.
काका नाही हसले. "जुगारी म्हणूक सांगतंस? देवीसमोर, साऱ्या गावासमोर?"
"हो काका. स्पष्ट म्हणा."
"आणि डावी पडली तर गो?"
"तर समई आई घरी लावेल."
बोलून गेले. दादा म्हणायचा, नाही ऐकायची तयारी असेल तरच विचारावं. माझी तयारी आहे का, हे फोन ठेवल्यावर विचारलं स्वतःला. नक्की सांगता येत नाही.

९ फेब्रु., सोम.
चाचांना व्हॅनमध्ये सांगितलं, आज कौल. "इन्शाल्ला," म्हणाले. मग स्वतःशीच हसले. "तुमच्या देवीला माझं चालतं का, माहीत नाही."
डेस्कवर पोचले तोच काकांचा फोन. मागे घंटा, माणसांची कुजबुज. "घातलंय गाऱ्हाणा. तू सांगितलंस तसाच. जुगारी म्हटलंय, उपासाचाही म्हटलंय. तुझी आवस फुडेच बसली हा."
"आई आली देवळात?"
"येतली नाय तर! मान वर करून बसली हा. पाकळ्यो लावल्यो, बाय. आता तिची मर्जी. पडली काय फोन करतंय."
फोन पालथा ठेवला. दादा खेळायला बसला की असाच ठेवायचा. डाव पुरा होईपर्यंत हात लावायचा नाही.
ऑफिसबॉयने चहा आणून ठेवला. फार गोड करतो नेहमी.
टेबलावर फोन थरथरतोय. चहा संपवते आधी.